व्हायकिंग जीवनाची साधने : सागांच्या प्रामाण्याचा प्रश्न

‘व्हायकिंग’ हे कोणत्याही वंशाचे वा राष्ट्राचे नाव नव्हे. प्राचीन नॉर्स भाषेत समुद्रमार्गे लुटीस निघणाऱ्या माणसास ही संज्ञा लावीत. म्हणजे ती उद्योगवाचक होय. स्कँडिनेव्हियातील बहुसंख्य लोक शेती, गुरे व मासेमारी यांवरच निर्वाह करीत. असे असता इतिहासात त्यांची लुटारू अशीच मूर्ती का उभी राहिली? इ. स. ७९३ मध्ये लिंडिस्फार्नचा मठ लुटला गेला. त्याची हकीकत लिहिली ती ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी. ज्याने मार खाल्ला त्याच्याच हाती लेखणी होती, हे या साधनांचे वैगुण्य विसरता येत नाही.

दुसरे साधन आइसलंडमधील सागांचे. विनलंडविषयीच्या दोन सागांत घरसंसार, गुरे, स्त्रिया यांचे चित्रण आहे. परंतु त्या घटनेनंतर सुमारे दोनशे वर्षांनी लिहिल्या गेल्या. शिवाय त्यांच्यात एकवाक्यता नाही : नवी भूमी प्रथम पाहण्याचा मान एक सागा ब्यार्नीला देते, तर दुसरी लेफला. म्हणून त्यांना निव्वळ कल्पित मानण्याकडे अनेकांचा कल होता. १९६० मध्ये हेल्गे इंगस्टाड यांना न्यूफाउंडलंडच्या उत्तर टोकास लान्स-ओ-मेडोज येथे जुन्या वस्तीच्या खुणा आढळल्या. ॲन स्टीन इंगस्टाड यांच्या उत्खननात तेथे गवताळ ढेकळांच्या भिंतींची घरे, लोहाराची भट्टी आणि टकळीची दगडी चकती मिळाली. तेथील लाकूड इ. स. १०२१ मध्ये तोडलेले होते, हे २०२१ मध्ये सिद्ध झाले.

तथापि येथेच सावध राहावयास हवे. टकळीवरून त्या वस्तीत सूतकताई होत होती, आणि बहुधा स्त्रियाही होत्या, एवढे म्हणता येते. ती सागेतील गुद्रिदचीच होती, असे नव्हे. स्थळ खरे ठरले म्हणून कथा खरी ठरत नाही.

उत्खननही सर्वस्वी निःपक्षपाती साक्षीदार नाही. स्वीडनमधील बिर्का येथे १८७८ मध्ये उघडलेल्या एका थडग्यात शस्त्रे होती. तेवढ्यावरून तो योद्धा पुरुष मानला गेला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय परीक्षणात ती स्त्री ठरली. जमिनीने असत्य सांगितले नव्हते. वाचणाऱ्याने आपला ग्रह तीवर लादला होता. साधनाइतकीच वाचकाचीही चिकित्सा झाली पाहिजे, हाच याचा निष्कर्ष.