पंख्याला दोष देण्यापूर्वी

2003 साली एन्‌व्हिडिया कंपनीचे जीफोर्स एफएक्स 5800 अल्ट्रा हे ग्राफिक्स कार्ड बाजारात आले. चर्चा मात्र त्याच्या चित्रांपेक्षा पंख्याच्या आवाजाचीच अधिक झाली. लोकांनी त्याला 'डस्टबस्टर' हे हातात धरायच्या व्हॅक्यूम क्लीनरचे नाव दिले. कंपनीनेही स्वतःची थट्टा करणारी चित्रफीत काढली. तेव्हापासून फसलेल्या शीतकरणाचा नमुना म्हणून या कार्डाकडे बोट दाखवले जाते. आमच्या मते हा निवाडा अर्धवट आहे.

आधी यंत्रणा पाहू. चिपवर तांब्याचा ठोकळा आणि त्यातून निघालेल्या हीट पाइप नावाच्या बंद नळ्या. नळीतल्या द्रवाची गरम टोकाशी वाफ होते, पंखांच्या पातळ पत्र्यांशी ती पुन्हा द्रवरूप होते आणि उष्णता तेथे सोडते. पत्र्यांवरून फिरणारी हवा संगणकाच्या मागच्या पट्टीतून आत घेतली जाई व त्याच पट्टीतून बाहेर टाकली जाई. पेटीतली तापलेली हवा घुसळत बसण्यापेक्षा ही कल्पना निश्चितच चांगली. पण आत येण्याची व बाहेर जाण्याची वाट शेजारीशेजारी ठेवली, हे आम्हाला पटत नाही. तापलेली हवा पुन्हा ओढली जायला आणखी काय हवे? शिवाय छोट्या पंख्याने भरपूर हवा द्यायची तर तो वेगानेच फिरवावा लागतो. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, आवाज मात्र सुमारे 15 डेसिबलने चढतो.

पण एवढी हवा लागलीच का? चिपमधली उष्णता वारंवारतेच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारंवारता ताणायची तर बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते, म्हणजे दुहेरी भुर्दंड. प्रतिस्पर्धी एटीआयचे रेडिऑन 9700 प्रो 2002 सालीच आले होते. त्याची चिप 325 मेगाहर्ट्‌झवर चाले, एन्‌व्हिडियाची 500 वर. रेडिऑन एका ठोक्यात आठ रंगीत बिंदू काढी, एफएक्स 5800 चारच.

स्मृतीचीही तीच गत. एफएक्स 5800 अल्ट्राचा स्मृतीकडे जाणारा मार्ग 128 बिटांचा, म्हणजे 16 बाइटांचा. सेकंदाला 100 कोटी फेऱ्या मारून तो 1600 कोटी बाइट नेई. रेडिऑनचा मार्ग 32 बाइटांचा. 62 कोटी फेऱ्यांतच 1984 कोटी बाइट! अरुंद रस्त्यावर गाड्या भरधाव सोडल्या आणि इंजिन तापले म्हणून रेडिएटरला शिव्या दिल्या, असा हा प्रकार.

पुरावा त्याच वर्षी मिळाला. एफएक्स 5900 अल्ट्रामध्ये मार्ग 32 बाइटांचा झाला, चिप 450 मेगाहर्ट्‌झवर आली. 85 कोटी फेऱ्यांत 2720 कोटी बाइट जाऊ लागले, आणि आवाजही पुष्कळ कमी झाला.

2022 साली आलेल्या आरटीएक्स 4090 या कार्डाची मर्यादा 450 वॅट आहे. हवेचे तापमान 15 अंशांहून अधिक वाढू द्यायचे नसेल, तर तिच्यावरून सेकंदाला सुमारे 25 लिटर हवा जायला हवी. विशिष्ट उष्मा व घनता देऊन हे गणित अकरावीच्या मुलांकडून करवून घेता येईल. मोठे, सावकाश फिरणारे पंखे आणि भरपूर पत्रे यांमुळे हे काम आता सुसह्य आवाजात होते. ती 450 वॅट उष्णता मात्र खोलीतच येते, आणि मेच्या दुपारी कार्डाच्या मालकाला दुसऱ्या पंख्याची सोय करावी लागते.