एल्फांचं दुःख, ड्वार्फांचा लोभ

डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या कुणालाही ड्रो एल्फांबद्दल विचारा, तो अर्धा तास बोलेल. जमिनीखालची शहरं, एकमेकांच्या जिवावर उठलेली घराणी, कोळ्यांची देवी लॉल्थ. मग उन्हात राहणाऱ्या एल्फांबद्दल विचारा. देखणे, दीर्घायुषी, रानात राहतात. बस, संपलं. सज्जन वंशांच्या वाट्याला आलेलं हे दारिद्र्य मला खुपतं, कारण नव्या खेळाडूपुढे आपण आधी हेच वंश ठेवतो.

खोट पायातच आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी हा खेळ आणला, तेव्हा बाजू तीनच होत्या: सुव्यवस्था, तटस्थता आणि अनागोंदी. पोल अँडरसन आणि मायकल मूरकॉक यांच्या कादंबऱ्यांचा तो प्रभाव होता. तुम्ही कुणाच्या बाजूने उभे आहात, एवढंच त्यातून कळायचं. पुढे त्याला चांगल्या-वाईटाची जोड मिळाली आणि १९७७च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये ड्वार्फ, एल्फ, हाफलिंग यांच्यापुढे ‘चांगले’ हा शेरा उंचीच्या आकड्यासारखा छापून आला. चांगुलपणा जन्मासोबतच मिळाला, तर तो निवडायचा प्रसंग येणार कधी? आणि तो प्रसंगच नसेल, तर खेळाडूने करायचं काय?

याचं खापर टॉल्किनवर फोडतात, ते मला मान्य नाही. त्याच्या ‘सिल्मरिलियन’मध्ये फेआनोरच्या शपथेपायी एल्फ आपल्याच भाऊबंदांची कत्तल करतात. त्याचीच एल्फ-स्वामिनी गॅलाड्रिएल सत्तेची अंगठी नाकारते तो क्षण अंगावर येतो, कारण तिला ती मनापासून हवी असते. खेळांनी त्याच्याकडून टोकदार कान घेतले, अपराधाचं ओझं मात्र तिथेच सोडलं.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्याच ‘ड्रॅगनलान्स’ या कल्पित जगाने १९८४मध्ये जवळचा प्रयत्न केला. सज्जनतेच्या अहंकारात बुडालेला इस्टारचा धर्मराजा देवांनाच हुकूम सोडू लागतो आणि देव त्याच्या नगरीवर धगधगता पर्वत फेकतात. कल्पना जबरदस्त, पण खेळ सुरू होतो तो त्यानंतर तीन शतकांहून अधिक काळाने. खेळाडूला तो फक्त इतिहास म्हणून ऐकायला मिळतो.

हा प्रश्न खऱ्या अर्थाने सोडवला तो ल्यूक क्रेनच्या ‘बर्निंग व्हील’ने, २००२ साली. तिथे प्रत्येक एल्फाच्या नोंदपत्रावर ‘दुःख’ हा आकडा असतो. मित्राचा मृत्यू पाहिला, विश्वासघात सोसला की तो चढत जातो. दहावर पोहोचला की एल्फाला हे जग असह्य होतं आणि पात्र खेळाडूच्या हातून निसटतं. विलापगीतं गाऊन भार हलका करता येतो, पण त्यालाही फासे टाकावे लागतात. ड्वार्फांपाशी ‘लोभ’ आहे. सुंदर वस्तू मिळवताना तो मदतीला येतो, म्हणून मोह होतो. आणि तोच वाढत वाढत ड्वार्फाला गिळतो. इथे एल्फ चांगला आहे असं कुणी सांगत नाही. दुःख वाढणार हे ठाऊक असूनही जखमी माणसाकडे तो वळला, हे सगळ्यांच्या डोळ्यांपुढे घडतं. नियमांतून इतकी करुणा निर्माण करणारा दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही.

कीथ बेकरच्या ‘एबेरॉन’ या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या दुसऱ्या जगात (२००४) वाट वेगळी आहे. व्हालेनारच्या एल्फांना आपापल्या वीर पूर्वजासारखं जगावं लागतं. पूर्वजाचं ऋण आणि स्वतःची इच्छा यांतली ओढाताण खेळाडूला आयतीच मिळते.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०२४च्या ‘प्लेयर्स हँडबुक’ने ‘वंश’ हा शब्द सोडून ‘प्रजाती’ स्वीकारला. वंशावरून स्वभाव ठरवणं याआधीच मागे पडत आलं होतं. ते गरजेचंच होतं. मात्र शेरा पुसल्यावर मोकळ्या झालेल्या जागी काय लिहायचं, याचं उत्तर अजून अपुरं वाटतं.

माझ्या टेबलावर खेळ चालवताना मी हाफलिंगांच्या एका गावाला एकच रीत दिली: दारी आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही. मग दुष्काळ आणला आणि वेशीवर चाळीस निर्वासित उभे केले. कोठारात फक्त पेरणीचं बियाणं उरलं होतं. किल्ली जिच्या पात्राकडे होती, ती मुलगी बराच वेळ फासे हातात घोळवत राहिली. मी म्हटलं, इथे फासे टाकायचे नाहीत. तिने ते खाली ठेवले आणि विचारलं, “त्यांच्यात लहान मुलं किती आहेत?”