टक्केवारी कशाची? कोळशाच्या प्रतवारीची एक चिकित्सा

रासायनिक विश्लेषणाचा निष्कर्ष टक्केवारीत मांडला की तो निर्विवाद वाटू लागतो. वस्तुतः टक्केवारी हे दोन राशींचे गुणोत्तर असते. त्यातील अंश दिसतो. छेद मात्र बहुधा अनुक्त राहतो. गुणवत्ता-चाचणीतील अनेक वादांचे मूळ या अनुक्त छेदात असते. वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडचे मुख्यालय नागपुरात आहे, कोराडी व खापरखेडा ही औष्णिक विद्युत केंद्रे शहरालगत आहेत. म्हणून येथे कोळशाच्या प्रतवारीचे उदाहरण घेणे उचित ठरेल.

२०११ अखेरपर्यंत भारतातील बिगर-कोकिंग कोळशाची प्रत ‘उपयुक्त उष्णतामूल्या’वरून ठरत असे. राख व ओलावा यांच्या टक्केवारीच्या बेरजेस १३८ने गुणून तो गुणाकार ८९००मधून वजा करावयाचा, असे हे सूत्र होते. बेरीज ४० असेल तर मूल्य प्रतिकिलो ३३८० किलोकॅलरी येते आणि कोळसा ‘ई’ प्रतीत (३३६० ते ४२००) बसतो. बेरीज ४०.५ भरली की मूल्य ३३११ होऊन तोच कोळसा ‘एफ’ प्रतीत जातो. अर्ध्या टक्क्याने प्रत बदले आणि प्रतीबरोबर किंमतही. वाघिणीतील कोळशाचा नमुना घेतानाच एवढा फरक सहज पडू शकतो. शिवाय हे सूत्र राख व ओलावा यांना समान लेखते. ओलाव्यातील पाणी बाष्पीभवनासाठी उष्णता शोषून घेते, ही बाब त्यात स्वतंत्रपणे येत नाही.

१ जानेवारी २०१२ पासून एकूण उष्णतामूल्यावर आधारित, जी-१ ते जी-१७ अशी प्रतवारी लागू झाली. बॉम्ब कॅलरीमापीने प्रत्यक्ष मोजलेले मूल्य सूत्रातून काढलेल्या मूल्यापेक्षा अधिक विश्वसनीय असते, हे निःसंशय. तथापि छेदाचा प्रश्न येथेही सुटत नाही. समजा, ६ टक्के समतोल ओलाव्यावर एका कोळशाचे मूल्य ४४०० किलोकॅलरी, म्हणजे जी-१० प्रतीचे आहे. प्रत्यक्ष पोहोचलेल्या कोळशात एकूण ओलावा १५ टक्के असेल, तर त्याच आधारावर मूल्य सुमारे ३९८० भरते. हा आकडा जी-१२च्या पट्ट्यात पडतो. यात विक्रेता खोटा नाही आणि ग्राहकही खोटा नाही. दोघांचे छेद भिन्न आहेत.

राखेचेही तसेच. १०० ग्रॅम कोळशात १२ ग्रॅम पाणी व ३०.८ ग्रॅम राख असल्यास राखेचे प्रमाण ३०.८ टक्के येते. शुष्क आधारावर मात्र तेच ३५ टक्के होते. दूरवरच्या विद्युत केंद्रांना पाठवावयाच्या कोळशासाठी असलेली ३४ टक्के राखेची मर्यादा मे २०२० मध्ये रद्द झाली. ती लागू असतानाही केवळ ‘३४’ हा आकडा सांगणे अपुरेच होते. कारण वरील एकच नमुना एका आधारावर मर्यादेत बसतो, तर दुसऱ्या आधारावर तिच्याबाहेर जातो.

या चिकित्सेचा संबंध आपल्या प्रयोगशाळांशीही आहे. प्रॉक्झिमेट विश्लेषणात स्थिर कार्बन हा ओलावा, राख व बाष्पनशील द्रव्य यांची बेरीज शंभरातून वजा करून काढतात. साहजिकच तिन्ही मापनांतील त्रुटी त्यात साठतात, तरीही बेरीज बिनचूक शंभर येते! विद्यार्थी या शंभरलाच अचूकतेचा पुरावा मानतो. म्हणून प्रयोगवहीत प्रत्येक टक्केवारीपुढे तिचा आधार, नमुना घेण्याची रीत व अनिश्चितता नोंदविणे अनिवार्य करावे. ज्या आकड्यावर लाखो टन कोळशाचे मोल ठरते, तो वाचावयास शिकविण्याची जबाबदारी अध्यापकांचीच आहे.