न आलेल्या चेंडूचा हिशेब

२०१२च्या हंगामात डेट्रॉइट लायन्सच्या कॅल्व्हिन जॉन्सनने १,९६४ यार्ड मिळवले आणि जेरी राइसचा १,८४८ यार्डांचा, १९९५पासून टिकलेला विक्रम मोडला. त्याच हंगामात लायन्स १६पैकी १२ सामने हरले. एनएफएलच्या चाहत्यांमध्ये यावर दोन प्रतिक्रिया असतात. एक, बिचारा जॉन्सन, एवढं करूनही संघाने माती खाल्ली. दोन, संघ हरत असताना गोळा केलेल्या यार्डांना काय चाटायचंय? मला दोन्ही अपुऱ्या वाटतात, कारण १,९६४ हा आकडा जॉन्सनच्या कामगिरीचं माप आहे हे दोघांनीही न तपासता मान्य केलेलं आहे.

वाइड रिसीव्हरचं काम सांगायला सोपं आहे. मैदानाच्या कडेला उभं राहायचं, खेळ सुरू झाला की ठरलेल्या मार्गाने धावायचं, अंगावरच्या बचावपटूला चकवायचं, क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलायचा आणि जमेल तितकं पुढे पळायचं. त्या झेलातून संघ जेवढा पुढे सरकला तेवढे यार्ड त्याच्या नावावर. क्रिकेटच्या सरासऱ्यांवर वाढलेल्या माणसाला वाटतं, यार्ड म्हणजे धावा. पण फलंदाज स्ट्राइकवर असला की चेंडू त्याच्याकडे येणारच, तसा नियमच आहे. रिसीव्हरकडे चेंडू येतो तो एका सहकाऱ्याच्या निर्णयाने, आणि तेही अंगावर धावून येणाऱ्या दांडग्यांनी त्या सहकाऱ्याला दोन-तीन सेकंद उभं राहू दिलं तर.

म्हणून पहिला प्रश्न भाजकाचा. २०१२मध्ये लायन्सचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्डने ७२७ वेळा चेंडू फेकला. तोवर एका हंगामात एवढ्या फेकी कुणीच केल्या नव्हत्या. पिछाडीवरचा संघ वेळ वाचवण्यासाठी जास्त फेकतो, त्यामुळे हरणं हेसुद्धा यार्ड वाढायचं एक कारण असतं. आता २००५चा कॅरोलिना पँथर्सचा स्टीव्ह स्मिथ घ्या. झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत त्या वर्षी लीगमध्ये तो अव्वल होता (झेल आणि टचडाउनमध्ये बरोबरीने): १०३ झेल, १,५६३ यार्ड, १२ टचडाउन. त्याचा क्वार्टरबॅक जेक डेलोमच्या फेकी होत्या ४३५. म्हणजे क्वार्टरबॅकच्या दर फेकीमागे स्मिथचे सुमारे ३.६ यार्ड, जॉन्सनचे २.७. चारशे यार्डांनी मागे असलेला माणूस भाजक बदलताच पुढे जातो.

पण भाजक बदलून प्रश्न सुटत नाही. त्याच हंगामातले स्मिथचे तीन सामने पाहा. नोव्हेंबरमध्ये शिकागो बेअर्सविरुद्ध त्याने १४ झेल आणि १६९ यार्ड मिळवले. पँथर्सचे गुण झाले ३ आणि ते हरले. जानेवारीत प्लेऑफमध्ये पुन्हा तेच बेअर्स. लीगमध्ये सर्वांत कमी गुण देणारी ती बचावफळी, आणि स्मिथचे १२ झेल, २१८ यार्ड, २ टचडाउन. पँथर्स २९-२१ने जिंकले. पुढच्याच आठवड्यात सिअॅटलमध्ये स्मिथचे ५ झेल, ३३ यार्ड, आणि संघ ३४-१४ने हरला.

स्कोअरकार्ड वाचणारा म्हणेल, मोठ्या सामन्यात स्मिथ ढेपाळला. प्रत्यक्षात सिअॅटलने बेअर्सची फजिती पाहून धडा घेतला होता. त्यांनी स्मिथवर दोन-दोन, कधी तीन माणसं लावली. अकरांपैकी तीन एकावर खर्च झाली, तर उरलेल्या मैदानात दोन माणसांची जागा रिकामी राहते. ती वापरायला पँथर्सकडे कोणी नव्हतं. दुसरा मातब्बर रिसीव्हर मुहसिन मुहम्मद हंगामाआधीच, गंमत म्हणजे बेअर्सकडे, गेला होता. मुख्य रनिंग बॅक आधीच्या सामन्यात जायबंदी झाला होता, त्याच्या जागी आलेला या सामन्यात लवकरच बाहेर गेला. डेलोमच्या तीन फेकी सिअॅटलने पकडल्या. स्मिथचा त्या दिवशीचा एकमेव टचडाउन आला तो पंट परतवताना, म्हणजे रिसीव्हर म्हणून नव्हेच.

क्रिकेटमध्ये याला समांतर गोष्ट आहे. जम बसलेल्या फलंदाजाला क्षेत्ररक्षण पसरून एक धाव खुशाल द्यायची आणि तळाच्या फलंदाजाला स्ट्राइकवर आणायचं. असा नाबाद ६० राहिलेला फलंदाज कमी पडला असं आपण म्हणत नाही. समोरच्या कर्णधाराने त्याला किती मान दिला हे आपल्याला दिसतं. रिसीव्हरला दिलेला मान स्कोअरकार्डात येत नाही, आणि बहुतेक वेळा टीव्हीवरही दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे जातो.

नवी मापं ही उणीव भरतात का? थोडी. खेळाडूंच्या शोल्डर पॅडमध्ये आता चिप असते. चेंडू पोचला तेव्हा सर्वांत जवळचा बचावपटू रिसीव्हरपासून किती लांब होता, हे तिच्यामुळे कळतं. पण हे अंतर धरलं जातं ते ज्याच्याकडे चेंडू फेकला त्याचंच. मोकळा सुटूनही ज्याच्याकडे क्वार्टरबॅकने पाहिलं नाही, तो या हिशेबात येतच नाही. रिसीव्हर जितक्या वेळा मार्गावर धावला त्याने यार्डांना भागणं हे त्याहून प्रामाणिक माप आहे, कारण त्यात न आलेले चेंडूही मोजले जातात. मात्र तिथेही अंशस्थानी यार्डच आहेत. सॉफ्टवेअरमध्ये कोडच्या ओळी मोजून माणसाची किंमत ठरवण्याची टूम कधीच हास्यास्पद ठरली. इथे ती नव्या भाजकांसह शाबूत आहे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. सगळं परिस्थितीवर ढकललं तर वाईट रिसीव्हर कोणीच उरणार नाही. शिवाय २०२२मध्ये कॅन्सस सिटीने टायरीक हिलला मायामीला देऊन टाकलं आणि त्याच हंगामात सुपर बोल जिंकला. मग रिसीव्हरला किंमत तरी किती? पण हिलनेही त्या वर्षी मायामीत १,७१० यार्ड मिळवले. कॅन्सस सिटीकडे पॅट्रिक माहोम्स होता, आणि ज्याच्याकडे माहोम्स आहे त्याला मोकळ्या जागा विकत घ्याव्या लागत नाहीत. उलट बाजूला रँडी मॉस. २००६मध्ये ओकलंडला ५५३ यार्ड, संपला म्हणून ड्राफ्टच्या चौथ्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात त्याला सोडलं गेलं. पुढच्या हंगामात टॉम ब्रेडीबरोबर २३ टचडाउन, म्हणजे विक्रम. ओकलंडमध्ये मॉस मन लावून खेळत नव्हता हे खरं. पण एका उन्हाळ्यात माणूस एवढा बदलत नाही. तिथलं मोजमापही चुकलं होतं.

तेव्हा मूल्यमापन दोन हिश्श्यांत करावं असं मला वाटतं. प्रतिस्पर्ध्याला या माणसासाठी काय खर्च करावं लागलं, हा पहिला. त्याच्या संघाने ती सूट वटवली का, हा दुसरा. पहिला हिस्सा रिसीव्हरचा, दुसरा बव्हंशी इतरांचा. वाईट रिसीव्हर पहिल्या हिश्श्यातच उघडा पडतो: त्याच्यावर एकच माणूस असतो आणि तो पुरतो. यार्ड दोन्ही हिस्से एकत्र कालवून देतात. त्या कालवणावर कोट्यवधी डॉलरचे करार होतात आणि हॉल ऑफ फेमचे वाद झडतात. त्यात नुकसान होतं ते दुबळ्या संघात अडकलेल्यांचं.

मैदानावरचे सगळे २२ खेळाडू एकदम दिसतील असं लांबून घेतलेलं चित्रण एनएफएलने २०१२पासून सामान्य प्रेक्षकांनाही विकायला काढलं. जॉन्सनच्या विक्रमाचंच वर्ष. त्याचे १,९६४ यार्ड मी नाकारत नाही. त्याच्यावरही दोघे-दोघे असत. पण त्याची थोरवी सिद्ध करायला मी ते दोघे दाखवीन, यार्ड नाही. स्टीव्ह स्मिथच्या बाजूने बोलायचं झालं, तर २१८ यार्डांच्या सामन्याबरोबर ३३ यार्डांचा सामनाही मी पुरावा म्हणून पुढे ठेवीन.