फिरणे आणि थांबणे

तुर्कस्तान पाहून आलेला माणूस दरवेशांच्या गिरक्यांविषयी बोलल्यावाचून राहत नाही, आणि बोलता बोलता एक वाक्य हटकून टाकतो : ‘‘तिकीट लावून भक्ती कसली? सगळा देखावा!’’ मी हा ‘समा’ दोनदा पाहिला, एकदा इस्तंबूलला व एकदा कोन्याला. तिकीट दोन्हीकडे होते. तरीही एके ठिकाणी कसरत पाहिल्यासारखे वाटले आणि दुसऱ्या ठिकाणी एका थोर रचनेचे दर्शन घडले. तेव्हा बिघाड तिकिटात नसावा.

प्रेक्षक या विधीला नवे नाहीत. इस्तंबूलच्या गलाता भागातला मेवलेवी मठ १४९१ सालचा. अठराव्या शतकात तिथे परदेशी पाहुणे येऊन बसत. व्हानमूर या चित्रकाराने तेथील दरवेशांचे चित्रच काढून ठेवले आहे. १९२५ मध्ये तुर्की प्रजासत्ताकाने असे सारे मठ कायद्याने बंद केले. पुढे १९५०नंतरच्या वर्षांत कोन्यात समा पुन्हा जाहीरपणे होऊ लागला, तो सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून. २००८ पासून युनेस्कोच्या यादीतही त्याला जागा आहे.

कोन्या हे मौलाना जलालुद्दीन रूमींचे गाव. ते १७ डिसेंबर १२७३ रोजी तिथे वारले. त्या रात्रीला तिकडे ‘लग्नाची रात्र’ म्हणतात, कारण भक्ताचे मरण म्हणजे प्रियकराशी मीलन. दरवेशांचा वेषही हेच सांगतो. काळा डगला म्हणजे थडगे, उंच लोकरी टोपी म्हणजे थडग्यावरचा दगड, आतला पांढरा घेरदार झगा म्हणजे कफन.

गिरक्यांची वाट पाहणाऱ्याची कोन्यात परीक्षाच होते. आधी पैगंबराची स्तुती, तीही इत्री या जुन्या संगीतकाराने बांधलेल्या संथ चालीत. मग ‘कुदूम’ या नगाऱ्यावर टोले, मग ‘नेय’ या बासरीचा एकटा, दमदार आलाप. नंतर दरवेश दालनाला तीन फेरे घालतात आणि गुरूच्या लाल आसनापाशी एकमेकांना लवून नमस्कार करतात. एवढे झाल्यावर काळे डगले उतरतात. हात खांद्यांवर आडवे ठेवलेला माणूस फिरता फिरता हळूहळू उमलतो. उजवा तळवा वर, डावा खाली. वरून घ्यावे आणि खाली देऊन टाकावे.

डावा पाय जमिनीला खिळलेला असतो, उजवा फेरा मारतो. या फेऱ्याला ‘चार्क’ म्हणतात; आपल्या चरख्याचाच हा भाऊबंद. अशी चार आवर्तने होतात. माझी मास्तरकीची नजर मात्र एका न फिरणाऱ्या माणसावर खिळली. काळा डगला घालून तो फिरणाऱ्यांमधून सावकाश चालतो, कोणाचा कोणाला धक्का लागू नये हे पाहतो आणि कोणी जागा सोडली तर नुसत्या खुणेने त्याला समजावतो. त्या शांत पहाऱ्यामुळेच बाकीच्यांना स्वतःला विसरता येते.

इस्तंबूलच्या त्या दालनात नेमके हेच गाळले होते. स्तुती आटोपती घेतलेली, फेरे उरकलेले आणि गिरक्या सुरू होताच वर निळे-जांभळे दिवे. फिरणारे तरुण तयारीचे होते. त्यांना बोल लावता येणार नाही. पण मरणाची खूण असलेला डगला नीट दिसायच्या आतच उतरला, मग पांढऱ्या झग्याला अर्थ कोठून यावा? पूर्वरंग गाळून नुसते आख्यान रंगवणाऱ्या कीर्तनाची गत अशीच होते.

पूर्वी मेवलेवी दरवेश होऊ पाहणाऱ्याला मठात १००१ दिवस सेवा करावी लागे, आणि तिचा आरंभ मुदपाकखान्यातून होई. भांडी घासता घासता तो गिरकी शिके. ती व्यवस्था मठांबरोबर गेली. ती होती तोवर विधीतला एखादा भाग कमी पडला तरी माणूस तो भरून काढी. आता सगळा भार विधीच्या बांधणीवर आला आहे. म्हणून त्या संथ अर्ध्या भागाला कात्री लावणे मला गुन्ह्यासारखे वाटते.

तिकडे जाणाऱ्याने तिकीट खुशाल काढावे. मात्र काढण्यापूर्वी एवढे विचारून घ्यावे की, गिरक्यांच्या आधी किती वेळ थांबावे लागते? ‘‘फारसे नाही,’’ असे उत्तर आले, तर तेवढ्या पैशांत चहा प्यावा. तो तिथे उत्तम मिळतो.