दोष कोणाचा: खेळणाऱ्याचा की यंत्राचा?

दाणा कधी मिळेल याचा नेम नसला, की कबूतर चकतीवर चोच मारतच राहते, हे बी. एफ. स्किनर यांनी दाखवले. जुगाराची ओढही त्यांनी याच नियमाने उलगडली. नताशा डाउ शूल यांचे ‘अ‍ॅडिक्शन बाय डिझाइन’ (२०१२) आपल्याला त्यापुढे नेते. लास वेगासच्या यंत्रांवर खेळणारे अनेकजण जिंकण्यासाठी नव्हे, तर भान हरपून खेळतच राहता यावे म्हणून बसतात. खेळाचा वेग, खुर्ची, पडदा, सारे त्यासाठीच घडवलेले असते. मात्र इतर कित्येकजण सहज उठून कसे जातात, याचे उत्तर आम्हाला अपुरे वाटले. तरीही, वर्गात ‘मनावर ताबा ठेवा’ एवढेच सांगून थांबलो, तर यंत्र घडवणारा मोकळा सुटतो, हे पुस्तकाने आम्हाला पटवले.