६४ केबीतली कारागिरी

घरातल्या आणि कचेरीतल्या संगणकांवर खिडक्या, आयकॉन आणि माउस कसे आले, याची एक तयार गोष्ट सगळीकडे सांगितली जाते: झेरॉक्सने शोधलं, अ‍ॅपलने उचललं, मायक्रोसॉफ्टने विकलं. ढोबळमानाने ती खरीही आहे. पण तिच्यात सगळं लक्ष श्रेय कोणाचं याकडे जातं आणि प्रत्यक्ष काम कसं उतरलं होतं हे बाजूलाच राहतं. १९८३ ते १९८७ या काळात अशा चित्रमय प्रणाली एकामागून एक बाजारात आल्या. त्या पारखायला माझ्या मते एकच कसोटी लावावी: जागा अपुरी पडली तेव्हा कोणी काय सोडलं?

जागा म्हणजे मेमरी. झेरॉक्सच्या पालो अल्टोमधल्या संशोधन केंद्रात, म्हणजे ‘पार्क’मध्ये, १९७३ साली आल्टो हा संगणक तयार झाला. त्याचा पडदा ६०६ बाय ८०८ बिंदूंचा. एका बिंदूला एक बिट धरला तरी एवढा पडदा ६० केबीच्या आसपास मेमरी खातो, आणि आल्टोत सगळी मिळून होती १२८ केबी. जवळजवळ निम्मी मेमरी नुसत्या दाखवण्यावर खर्च झाली. आल्टो दुकानात ठेवायचा नव्हता म्हणून हे चाललं. दुकानात ठेवायची वेळ १९८१ साली आली, तेव्हा झेरॉक्सच्या ‘स्टार’ची किंमत एका यंत्राला १६,५९५ डॉलर झाली. स्टारची आखणी आजही थक्क करते. तिथे प्रोग्रॅम सुरू करायचाच नाही, थेट कागद उघडायचा. हलवणं, प्रत काढणं, पुसणं अशा मोजक्याच आज्ञा, आणि त्या मजकुराला, चित्राला, फाइलला सारख्याच लागू. स्टारच्या कर्त्यांनी यातलं काहीही कमी करायला नकार दिला आणि गिऱ्हाईक गमावलं.

हीच चूक लहान प्रमाणावर व्हिजीकॉर्पने केली. व्हिजीकॅल्कच्या जोरावर मोठ्या झालेल्या या कंपनीने १९८२ च्या कॉमडेक्स प्रदर्शनात ‘व्हिजी ऑन’ दाखवलं आणि १९८३ च्या अखेरीस विकायला काढलं. त्याला ५१२ केबी मेमरी आणि हार्ड डिस्क लागायची. त्या वेळच्या बहुसंख्य पीसींत यातलं काहीच नव्हतं.

अ‍ॅपलच्या मॅकिन्टॉशचं यश मग कशात? किंमत २,४९५ डॉलर, मेमरी १२८ केबी, आणि ५१२ बाय ३४२ बिंदूंच्या पडद्यासाठी त्यातले सुमारे २२ हजार बाइट आधीच गेलेले. खिडक्या, मेनू, अक्षरं काढण्याची सगळी यंत्रणा ६४ केबीच्या रॉममध्ये कोंबलेली. तिच्या गाभ्याशी बिल अ‍ॅटकिन्सन यांचं क्विकड्रॉ होतं, आणि इथे जरा थांबायला हवं. एका खिडकीवर दुसरी आली की खालच्या खिडकीचा उघडा भाग ‘एल’ आकाराचा उरतो. तिसरी आली की तो आणखी वेडावाकडा होतो. खालच्या खिडकीत काही बदललं तर फक्त त्या उघड्या भागात रंगवायचं आणि वरच्या खिडक्यांना धक्का लावायचा नाही, हे काम मंद प्रोसेसरवर फार जड जातं. अ‍ॅटकिन्सन यांनी असा कोणताही आकार थोडक्यात लिहून ठेवायची युक्ती काढली: प्रत्येक ओळीत ‘आत’चं ‘बाहेर’ कुठे होतं तेवढेच बिंदू टिपायचे, आणि वरच्या ओळीपेक्षा फरक पडला तरच टिपायचे. १९७९ साली अ‍ॅपलच्या लोकांनी पार्कला दिलेल्या भेटीत हे तिथे चालताना आपण पाहिलं, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात तिथे ते नव्हतंच. जे दुसऱ्याने केलंय असं वाटलं, ते त्यांनी स्वतःच पहिल्यांदा केलं. ‘उचललं’ हा शब्द वापरणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

मॅकनेही सोडलंच. एका वेळी एकच प्रोग्रॅम. हार्ड डिस्क नाही. ४०० केबीच्या एकाच फ्लॉपीवर प्रणाली, प्रोग्रॅम आणि तुमचं काम. दुसऱ्या फ्लॉपीवर प्रत काढायची तर दोन्ही आळीपाळीने काढत-घालत बसायचं. हा जाच खरा होता. पण माउस धरलेल्या हाताला पडद्याने ताबडतोब दाद द्यायची, ही गोष्ट त्यांनी सोडली नाही. मेनू झटकन उघडतो, चौकोन हाताबरोबर ताणला जातो, सुझन केर यांचे ३२ बाय ३२ बिंदूंचे आयकॉन पाहताक्षणी कळतात. काय सोडावं याची ही जाण मला त्या यंत्राचा सगळ्यात मोठा गुण वाटते.

मायक्रोसॉफ्टने विंडोज १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं आणि ते बाजारात यायला १९८५ चा नोव्हेंबर उजाडला. या पहिल्या आवृत्तीत प्रोग्रॅमच्या खिडक्या एकमेकींवर येतच नाहीत. फरशीसारख्या शेजारी शेजारी बसतात. नवी उघडली की आधीच्या आक्रसतात. पार्कमधून आलेले स्कॉट मॅकग्रेगर या कामाचे प्रमुख होते, आणि एकमेकींवर न येणाऱ्या खिडक्या वापरायला बऱ्या अशी मतं तेव्हा होती, त्यामुळे हा निर्णय निव्वळ नाइलाजाचा म्हणता येत नाही. पण ज्या पडद्यावर तो राबवला तो पाहा. सीजीए कार्डवर ६४० बाय २०० बिंदू, म्हणजे प्रत्येक बिंदू रुंदीपेक्षा उंच. तिथे अक्षरं ताणलेली दिसतात, आणि अशा पडद्याच्या चार खिडक्या केल्या की एकीतही धड काम होत नाही. विंडोज १ ने कामाची जागाच सोडली. मला ते या काळातलं सर्वांत कच्चं काम वाटतं.

डिजिटल रिसर्चचं जेम त्याच वर्षी, त्याच पीसींवर, कितीतरी सफाईने चाललं. अ‍ॅपलने कायद्याचा दबाव आणल्यावर १९८६ च्या आवृत्तीत त्याच्या डेस्कटॉपवर दोनच, जागच्या जागी खिळलेल्या खिडक्या उरल्या आणि कचऱ्याची टोपलीही गेली. इथे मेमरीचा काही दोष नव्हता. अटारी एसटीवर हेच जेम मूळ रूपात टिकलं, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून नुकसान किती झालं ते पाहता येतं.

अमिगा या संगणकाबद्दल माझं मत त्याच्या चाहत्यांना रुचणार नाही. १९८५ साली २५६ केबीत अनेक प्रोग्रॅम खऱ्या अर्थाने एकाच वेळी चालवणं हा पराक्रमच होता, आणि वेगवेगळ्या रंगसंगतीचे पडदे एकावर एक ठेवून वरचा हाताने खाली ओढता येणं आजही दुर्मीळ आहे. पण त्याच्या वर्कबेंचवर ज्या फाइलला आयकॉनची जोडफाइल नाही ती दिसतच नसे. ड्रॉवर उघडावा तर रिकामा, आणि आज्ञा टाइप करून विचारावं तर आत फाइली भरलेल्या! पडदा जे दाखवतो ते खरं, हा या कलेचा पहिला करार, आणि इतक्या उत्तम यंत्रावर तोच मोडला गेला.

सगळ्यात जास्त दाद मी जिओसला देईन. बर्कली सॉफ्टवर्क्सने १९८६ साली ते कमोडोर ६४ साठी काढलं: एक मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, ६४ केबी मेमरी, ३२० बाय २०० बिंदूंचा पडदा, माउस नसेल तर जॉयस्टिक. एवढ्यात मेनू, आयकॉन, कमीजास्त रुंदीची अक्षरं, लिहिण्याचा आणि चित्रं काढण्याचा प्रोग्रॅम. कमोडोरची फ्लॉपी कमालीची संथ, म्हणून त्यांनी फ्लॉपीशी बोलण्याची रीतच नव्याने लिहून ती कितीतरी पट वेगवान केली. त्यांनी एकावर एक येणाऱ्या खिडक्या सोडल्या. फाइली एका वहीच्या पानावर आठ-आठ मांडल्या आणि पानाचा कोपरा दाबून पुढचं पान उलटायची सोय केली. लिहिताना कागद पडद्यात मावत नाही, म्हणून ओळीबरोबर पडदाच बाजूला सरकतो. गैरसोय आहेच. पण कागदावर जे छापून येणार तेच समोर दिसतं, आणि तेही स्वस्त घरगुती यंत्रावर.

एक गोष्ट मात्र या सगळ्यांनी मिळून सोडली, आणि आपण काही सोडतोय हे त्यांच्या मनातही आलं नसावं. बिंदूंच्या पडद्यावर कोणताही आकार काढता येतो, पण अक्षरं मांडायची त्यांची रीत रोमन लिपीवर बेतलेली होती: एक संकेत, एक आकार, मग तेवढी रुंदी उजवीकडे सरका. देवनागरीत पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते आणि दिसते आधी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. जोडाक्षरात अक्षरं रूप बदलतात. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड डॉसच्या प्रोग्रॅमवर हे काम वेगळ्या हार्डवेअरने करत असे. छापखान्यांनी श्रीलिपीसारखे फाँट घेतले, ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले. फाँट बदलला की मजकुराचा नुसता गोंधळ. खुद्द विंडोजमध्ये मराठी ओळ आपली आपण नीट मांडली जायला विंडोज २००० यावं लागलं. त्यातलं मंगल हे अक्षरवळण र. कृ. जोशींनी घडवलेलं. विंडोजची पहिली आवृत्ती विकायला आली त्याला तोवर १४ वर्षं उलटून गेली होती, आणि या १४ वर्षांत टाइप झालेला कितीतरी मराठी मजकूर आजही त्या जुन्या फाँटांतच अडकून पडला आहे.